खांद्यापर्यंत हात

पुंडलिकराव खोब्रागडे यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब होता. मी तो मोजलेला नाही. पण आर्णीत ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे, की आता ती खरी धरून चालायला हरकत नाही. जो हात बावीस वर्षं कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, खांद्यापर्यंत शिरतो आणि तिच्या पोटातून मूठभर कापूस ओढून आणतो, तो लांबणार नाही तर काय करणार?

ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. म्हणून गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं, आणि नोकरी गेल्यावरही म्हणत राहिलं. बंडी आली की तिच्यातला कापूस कोणत्या प्रतीचा, हे ठरवणं त्यांचं काम. बंडीत वरचा कापूस नेहमी नवरीसारखा नटून बसलेला असतो, पांढराशुभ्र. त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. डोळे मिटायचे, हात आत घालायचा, कोपर जायचं, दंड जायचा, खांदा टेकायचा. मग मूठ बाहेर. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत कापूस धरून ओढायचे, धाग्याची लांबी पाहायचे आणि ग्रेड लिहायचे. सुपर, फेअर, किंवा कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळट, बोंडालाच चिकटून बसलेला माल.

एकदा त्यांनी एका बंडीच्या पोटातून ओला कापूस, दोन विटा आणि एक झोपलेलं मांजर काढलं. मांजराचा केस ओढून पाहिला आणि त्याला सुपर ग्रेड दिली. यातलं मांजर माझं आहे. विटा खऱ्या.

दुसरे ग्रेडर आवारभर ऐकू जाईल असे ओरडत, "कवडी!" की शंभर माणसं वळून बंडीवाल्याकडे पाहत. पुंडलिकराव कधी ओरडले नाहीत. ते चिठ्ठी लिहायचे, तिला दोन घड्या घालायचे आणि माणसाच्या हातात द्यायचे. विटांच्या वेळीही तसंच. विटा उचलून त्यांनी आपल्या खुर्चीखाली ठेवल्या, जणू घरूनच आणल्या होत्या. कोणीतरी विचारलं, "साहेब, एवढा चोट्टा माणूस, अन् तुमी त्याले काईच नाई म्हनलं?"

"म्हनलं ना. चिठ्ठीत म्हनलं. बंडी त्याची हाय, इज्जतही त्याचीच हाय. मी कायले डफडं वाजवू?"

स्वतःच्या साळ्याच्या बंडीलाही त्यांनी कवडीच लावली. तीही चिठ्ठी दोन घड्यांची. पौर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पुढं सहा महिने त्यांच्या भाजीत मीठ घातलं नाही असं मी सांगतो. खरं म्हणजे चारच दिवस; पण ते चार दिवस पुंडलिकराव अळणी वांगी गुमान खात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमचं घर त्यांच्या घराला लागूनच होतं.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव बसला, बोंडात अळी बसली, आणि खरेदी केंद्राच्या फाटकाला कुलूप बसलं. पन्नाशीला आलेल्या पुंडलिकरावांना घरी पाठवलं. त्यांच्याबरोबरच्या एकानं पानठेला टाकला, एक देवधर्माला लागला. पुंडलिकराव यवतमाळला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या सहा महिन्यांच्या वर्गात बसले. पहिल्या बाकावर, भाकरीचा डबा घेऊन. शिकवणारा पोरगा त्यांच्या लेकीच्या वयाचा. त्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "काका, नातवाला सोडायला आलात का?"

"नाई जी. मीच नातू हाय."

वर्षभरात पंचायत समितीसमोर त्यांचं दुकान उभं राहिलं : ग्रेड कॉम्प्युटर्स. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला श्वास सोडून जागा करून द्यावी लागे. भिंतीवर पिंपळपानावरच्या बुद्धाची तसबीर आणि टेबलावर खरेदी केंद्रातून उरलेल्या चिठ्ठ्यांचे पॅड. कॉम्प्युटरचा एकेक भाग ते कापसासारखाच पारखत. रॅमची पट्टी अंगठ्याखालून फिरवायची. मदरबोर्ड उजेडाला धरून त्यावरचा एकेक डाग बघायचा. आणि सप्लाय, म्हणजे घरातल्या विजेची कॉम्प्युटरच्या मापाची वीज करून देणारा तो पत्र्याचा डबा, शेजारच्या किराणा दुकानातल्या तराजूत तोलायचा. "वजन नाई त्याच्यात तांबं नाई," ते म्हणायचे. किराणावाला एक दिवस वैतागून म्हणाला, "साहेब, या पारड्यात मी साखर तोलतो जी!"

"मंग काय झालं? मी काय सप्लायले मुंग्या लावून आनल्या?"

एक सरपंच आले. त्यांना आत निळे लाइट लागणारं कॅबिनेट हवं होतं. पुंडलिकरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरपंचसाहेब, मशीन पायजे का आरास?" सरपंच रागावून गेले. आठ दिवसांनी परत आले आणि बिनलाइटचं मशीन घेऊन गेले. ते मशीन त्या ग्रामपंचायतीत अजून चालू आहे. वीज गेली तरी चालतं, असं मी सांगतो.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. दोन वर्षं चहा सोडून, आलूबोंडा सोडून मी बावीस हजार जमवले होते, आणि मला गेम खेळायचं मशीन हवं होतं. ते यायच्या आधीच मी त्याची कीर्ती गावभर करून ठेवली होती. माझ्या कॉम्प्युटरवर क्रिकेट लावलं की मैदानावरचं गवत एकेक पातं वेगळं हलणार होतं, बॉलरच्या कपाळावरचा घाम दिसणार होता आणि स्क्रीनजवळ नाक नेलं तर त्याचा वासही येणार होता.

पुंडलिकरावांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं.

"गेम खेळाचा हाय?"

"हो जी."

"मंग सर्वात पयले काय घेशीन?"

"ग्राफिक कार्ड. मोठ्यात मोठं."

"झालं! लेका सुध्या, कार्ड म्हनजे मिशा. सप्लाय म्हनजे पोट. पोटात नाई दाना, अन् मिशाले पीळ!" त्यांनी एक काळा डबा माझ्या हातात दिला. "तोलून पाहा. जड लागते?"

"लागते."

"जड लागते म्हनून घेऊन नको टाकू. ही झाली वरची पारख. आता कान लाव अन् हलव. काई वाजते? आता जाळीतून आत पाहा. तांब्याचे वेढे दिसते? बंडी वरून नाई पाहाची, मधून पाहाची."

मी हो हो म्हणत होतो. माझं लक्ष भिंतीवरच्या मोठ्या कार्डाच्या खोक्याकडे होतं.

त्यांनी पॅड ओढलं आणि लिहायला घेतलं. सप्लाय, सुपर. त्यात तडजोड नाही. मदरबोर्ड फेअर, पण रॅमच्या दोन जागा असलेला. आज एक पट्टी, दुसरी पुढं. प्रोसेसर एक पायरी खालचा, "गेमले तेवढा बस होते." मॉनिटर यवतमाळच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला, जुना पण साफ. उरलेल्यात कार्ड. लहान.

"साहेब, कार्ड मोठं करा ना! सप्लाय लहान घेऊ."

"अबे, कार्ड पुढच्या दिवाळीत बदलता येते. सप्लाय तयारच राहीन त्याच्यासाठी. पन सप्लाय गेला, तं एकटा नाई जात. साऱ्या वऱ्हाडाले घेऊन जाते."

सामान आणायला ते स्वतः एसटीनं गेले. मॉनिटर गोधडीत गुंडाळून, बाजूच्या सीटवर बसवून आणला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, आणि म्हातारी समजून एकानं त्याला विचारलं, "आजी, दारव्हा आलं का?" तिकिटाचं खरं आहे.

मशीन सुरू झालं. दोन महिने एकदाही अडलं नाही. दिवसातून सात-आठ तास वीज जायची. आली की मशीन शहाण्या बैलासारखं उठून उभं राहायचं. पण गवत काही हलेना. मैदान म्हणजे हिरवी सतरंजी. माझा मित्र गज्या रोज येऊन विचारायचा, "काय बे सुध्या, गवत कुठी हाय? बकरी खाऊन गेली का?" मी सांगितलेलं आणि स्क्रीनवर दिसणारं यांत फारच अंतर पडलं होतं, आणि मला दिवाळीपर्यंत धीर नव्हता.

एक दिवस पुंडलिकरावांना न सांगता मी नागपूरला गेलो. त्यांनी लावलेला सप्लाय आणि कार्ड एका गल्लीतल्या दुकानात विकलं. त्या पैशांत थोडी भर घालून मोठं कार्ड घेतलं. सप्लायपुरते फारच थोडे उरले. पण मी ग्रेडरसाहेबांचा शेजारी, त्यांचा शिष्य! दुकानदारानं दाखवलेला स्वस्तातला डबा मी हातावर तोलला. भोपळ्यासारखा जड. दुकानदाराला मी ऐटीत म्हणालो, "वजन आहे, म्हणजे तांबं आहे." तो म्हणाला, "वा! जाणकार दिसता." कान लावला नाही, हलवला नाही, जाळीतून पाहिलं नाही.

घरी येऊन मीच तो बसवला आणि रविवारी दुपारी सगळी गल्ली बोलावली. गवत हललं. खरंच हललं! गज्याचं तोंड उघडं पडलं. अकरा मिनिटं मी आर्णीचा राजा होतो. मग फट् असा आवाज आला, जळक्या रबराचा वास आला, आणि स्क्रीन काळी झाली. एवढंच झालं होतं. फटाकासुद्धा नाही, फुटाणा.

पण माणसं हसली. आणि लोक हसायला लागले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. संध्याकाळपर्यंत त्या फुटाण्याचा मी बॉम्ब केला. धूर दिग्रसच्या रस्त्यापर्यंत गेला. शेजारच्या कोंबडीनं दचकून दोन अंडी एकदम दिली. मॉनिटर उडून तुळशीपाशी पडला. सोमवारी बसस्टँडवर अनोळखी माणसानं मलाच माझी गोष्ट सांगितली. त्यात कोंबडीची अंडी तीन झाली होती, आणि गोष्टीला नाव पडलं होतं : ग्रेडरसाहेबांचं मशीन फुटलं.

सोमवारीच दुपारी पुंडलिकराव पेचकस घेऊन घरी आले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कॅबिनेट उघडलं आणि थांबले. आत त्यांचा सप्लाय नव्हता. खाली मांडी घालून त्यांनी तो नवा डबा खोलला. आत चिमूटभर तांबं होतं, आणि तळाला चिकटपट्टीनं बांधलेला सिमेंटचा गोळा. वजनासाठी. बंडीतल्या विटा!

मी दारात उभा होतो. तो गोळा त्यांनी हातावर तोलला, आणि खिशात टाकला. मग पॅड काढून चिठ्ठी लिहिली, दोन घड्या घातल्या, माझ्या हातात दिली आणि गेले. मी ती उघडली. हार्ड डिस्क, सुपर. मॉनिटर, फेअर. रॅम, फेअर. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड गेले. सप्लाय, कवडी. खाली लिहिलं होतं, 'दुकानात ये. दुसरं जमवू.'

मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हणालो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवून फिरत होतो.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट चालली होती, आणि ती मला पूर्ण माहीत होती. गावातल्या एका शिक्षणसंस्थेला शाळेत वीस कॉम्प्युटर बसवायचे होते. पुंडलिकरावांनी विसाच्या वीस मशीनची यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. तिच्या झेरॉक्स मीच काढल्या होत्या. अध्यक्षांनी तोंडी हो म्हटलं होतं. झेरॉक्स न्यायला आलेल्या पौर्णाबाई म्हणाल्या होत्या, "बाप्पा, हे एवढं काम भेटलं तं दुकान टिकते. नाईतं पोरीच्या गावी जा लागते आमाले. जावयाच्या दारात बसनं याइले जमन का, सांग बरं?"

गुरुवारी अध्यक्षांनी मला बोलावणं पाठवलं. त्यांच्या ओसरीवर दहाबारा माणसं चहा घेत बसली होती. अध्यक्ष म्हणाले, "ये सुधाकर. ते मशीन फुटल्याची गोष्ट सांग. आम्ही अर्धवटच ऐकली."

चिठ्ठी खिशात होती. ती काढून वाचली असती तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. मी म्हणणारच होतो, की साहेब, गोष्ट वेगळी आहे. पण दहाबारा तोंडं माझ्याकडे वळलेली होती, आणि ती आधीच हसायला लागली होती. मी सुरू झालो. त्या दिवशी मी जी गोष्ट सांगितली तशी पुन्हा कधी सांगितली नाही. धूर पार माहूरच्या डोंगराला टेकला. कोंबडी अंडी देऊन थांबली नाही, ती उबवूनच उठली. एका म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला. अध्यक्षांनी डोळे पुसले, कप खाली ठेवला आणि विचारलं,

"मशीन बनवलं कोणी होतं?"

"ग्रेडरसाहेबांनी," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. आयुष्यभर मी डोंगराएवढ्या थापा मारल्या, त्यांनी कोणाचं काही बिघडलं नाही. जी लागली ती शब्दाशब्दाला खरी होती.

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "हं. अशा माणसांच्या हातून काय व्हायचं!" अशा म्हणजे कशा, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारावं लागत नाही. चहा संपला. वीस मशीन बाहेरून, एका मोठ्या दुकानातून आली.

पुंडलिकराव त्यानंतरही रोज दुकान उघडत. गिऱ्हाईक यायचं, इकडे तिकडे पाहायचं, "फुटनार तं नाई ना जी?" म्हणून हसायचं आणि जायचं. तेही थोडं हसत. सिमेंटचा गोळा टेबलावर चिठ्ठ्यांच्या पॅडवर ठेवलेला असे, पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून. हा काय आहे, असं विचारलं तर म्हणत, "वजन हाय." कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जात असे.

शेवटी मला राहवेना. एके दिवशी चहाच्या टपरीवर मी सगळं खरं सांगून टाकलं. सप्लाय मी बदलला, नागपूरला विकला, नव्यात सिमेंट निघालं. टपरी खदाखदा हसली. गज्यानं माझ्या पाठीत थाप मारली. "सिमेंट! अबे, कम्प्युटरात बंगला बांधून राह्यलता का? भारी हाय बे, हे कोंबडीपेक्षा भारी हाय!" मी चिठ्ठी काढून दाखवली. घड्यांवर फाटलेली, घामानं शाई पसरलेली. एकानं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "अक्षर बी सेम काढलं लेकानं." मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या रविवारी पाहुण्यांसमोर मला पुन्हा सांगायला लावलं.

पावसाळ्याआधी ग्रेड कॉम्प्युटर्सची पाटी उतरली. पुंडलिकराव आणि पौर्णाबाई लेकीकडे मारेगावला गेले. जाताना पौर्णाबाई आमच्या घरी कढीपत्त्याचं रोप देऊन गेल्या. ते घ्यायला मी बाहेर आलो नाही. मागच्या दारानं निघून गेलो.

पुढं दोन-तीन वर्षांनी एका लग्नासाठी मी मारेगावला निघालो होतो. हिवाळ्याचे दिवस, सकाळची बस. गावाच्या अलीकडे एका खासगी जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी कापसाच्या बंड्या आडव्या लागल्या होत्या, म्हणून बस थांबली. मी खिडकीतून पाहिलं. फाटकातल्या पहिल्याच बंडीला एक माणूस गाल टेकून उभा होता. डोळे मिटलेले. उजवा हात खांद्यापर्यंत कापसात.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "ग्रेडरसाहेब!"

त्यांनी डोळे उघडले. केस पांढरे झाले होते, कानात कापूस अडकला होता. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "सुध्या? लग्नाले काय?"

घरून निघताना मी काही ठरवलं नव्हतं. पण बस घरघरायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, सप्लाय मी बदलला होता! सिमेंट माझ्या डब्यातलं होतं! अध्यक्षांना मी सांगितलं नाही!" सगळी बस वळून पाहायला लागली. कोणीतरी हसलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. आवाज तेवढाच, चिठ्ठी देताना असायचा तेवढा. "डोकं आत घे. गाडी सुटून राह्यली."

त्यांनी हात हलवला नाही. तो आत होता. बस पुढं सरकली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. त्यांनी मूठ बाहेर काढली, दोन्ही अंगठ्यांत धरून कापूस ओढला, उजेडाला धरला. खिशातून पॅड काढून काहीतरी लिहिलं. कागदाला एक घडी घातली, दुसरी घातली, आणि बंडीवाल्याच्या हातात दिली. बंडीत काय निघालं, ते आमच्या बसमधल्या कोणालाच कळलं नाही.